सिंहाला प्राण कुणी दिले? : भयकथेतील विज्ञानाची महत्त्वाकांक्षा आणि नैतिक जबाबदारी

१. प्रतिज्ञा आणि मर्यादा

विज्ञानाच्या महत्त्वाकांक्षेवरच्या भयकथा वाचून बहुतेक वाचक एकच बोध घेतात : माणसाने सृष्टीच्या रहस्यात फार खोल शिरू नये. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी या बोधाचा पुरावा म्हणून हमखास पुढे केली जाते. माझा पक्ष याच्या उलट आहे. या कथांमध्ये जाणून घेण्याबद्दल कुणालाही शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती जाणून घेतल्यावर हातून जे घडले, त्याची जबाबदारी टाकून देण्याबद्दल. हा फरक बारीक वाटेल, पण त्यावरच सगळे अवलंबून आहे. पहिला बोध माणसाला विज्ञानापासून दूर नेतो, दुसरा त्याला चांगला वैज्ञानिक बनवतो.

गॉथिक कथेची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ मधल्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून मानतात. पडका किल्ला, रात्र, पुरलेला गुन्हा आणि जिवंत माणसांच्या मानगुटीवर बसलेला भूतकाळ ही तिची सामग्री. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याची जागा प्रयोगशाळेने घेतली आणि शापाची जागा प्रयोगाने. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या टप्प्यापुरते मर्यादित आहे. भुताखेतांच्या निव्वळ कथा त्यात येत नाहीत.

नांदेड आणि लातूर डोळ्यांसमोर ठेवून हा विषय मांडण्याला दोन कारणे आहेत. ही दोन शहरे आज डॉक्टर आणि इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या हजारो मुलांची शहरे आहेत. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत आता आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येतात. दुसरे कारण जमिनीचे आहे. ज्ञानाने वेळेवर बोलायचे असते, हा धडा या भूमीने १९९३ च्या भूकंपात फार मोठी किंमत देऊन घेतला.

२. गोदाकाठचा जुना खटला

ही चर्चा युरोपातून आयात करण्याची गरज नाही. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या कथा येतात. त्यांतला राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. तीच गोदावरी पुढे नांदेडला येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठी गद्यात आणली आणि तेव्हापासून या कथा आपल्या घरोघरी आहेत.

त्यांतली चार भावांची कथा अशी. चौघे विद्या शिकून ठरल्या जागी परत भेटतात. त्यांना रानात हाडाचा एक तुकडा सापडतो. पहिला त्यावर मांस चढवतो, दुसरा कातडे आणि केस आणतो, तिसरा अवयव पुरे करतो. चौथा त्यात प्राण घालतो. उठून उभा राहतो तो सिंह, आणि तो चौघांनाही मारतो. वेताळ विचारतो : या हत्येचे पाप कुणाचे? राजा निकाल देतो की पाप चौथ्याचे. पहिल्या तिघांना आपण कोणता प्राणी घडवतो आहोत हे कळत नव्हते. चौथ्याच्या पुढ्यात सिंहाचा आकार स्पष्ट उभा होता. तो पाहूनही केवळ आपली विद्या दाखवण्याच्या हौसेने त्याने प्राण घातले.

हीच कथा ‘पंचतंत्रा’तही आहे. तिथे चौथ्याजवळ विद्या नाही, पण शहाणपण आहे. बाकीचे सिंहाला उठवू लागतात तेव्हा तो झाडावर चढून बसतो आणि वाचतो. ‘पंचतंत्रा’चा धडा व्यवहाराचा आहे : पुस्तकी विद्येपेक्षा अक्कल मोठी. वेताळाचा प्रश्न मात्र न्यायाचा आहे. कोण वाचला, यात त्याला रस नाही. दोषी कोण, हे त्याला हवे आहे. विज्ञानाच्या नीतिशास्त्राचा आरंभ या प्रश्नापासून होतो.

राजाच्या निकालातून दोन सूत्रे निघतात. एक, जबाबदारी ज्ञानाच्या प्रमाणात असते. ज्याला परिणाम दिसत होता त्याच्यावर ती अधिक. दोन, हेतू महत्त्वाचा. लोकांच्या उपयोगासाठी केलेली कृती आणि कौशल्य मिरवण्यासाठी केलेली कृती यांचे मोल एक नव्हे. तरी हा निकाल आजच्या काळाला दोन ठिकाणी अपुरा पडतो. पहिल्या तिघांना तो अज्ञानाच्या आधारावर मोकळे सोडतो. त्यांनी एकमेकांना विचारले असते तर कळले नसते का, हा प्रश्न तो काढतच नाही. शिवाय या कथेतला सिंह ज्यांनी त्याला घडवले त्यांनाच खातो. ज्यांचा प्रयोगाशी काही संबंध नव्हता अशा कुणाचा त्यात जीव जात नाही. पुढच्या काळातल्या कादंबऱ्या नेमक्या या दोन रिकाम्या जागा भरतात.

३. ‘फ्रँकेन्स्टाइन’ : सोडून दिलेल्या निर्मितीची कथा

इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ च्या एप्रिलमध्ये प्रचंड उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळजवळ झालाच नाही. त्या १८१६ च्या पावसाळी, अंधाऱ्या दिवसांत जिनिव्हाजवळ अठरा वर्षांच्या मेरीने ही कथा रचायला घेतली. १ जानेवारी १८१८ रोजी ती लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. कथेमागे त्या काळचे खरे विज्ञान होते. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग केले होते. त्याचा भाचा आल्दिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या प्रेतात विजेने हालचाल घडवून दाखवली होती. मृतदेहात प्राण घालण्याची कल्पना तेव्हा मांत्रिकाची उरली नव्हती. ती शास्त्रज्ञाची झाली होती.

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन सतराव्या वर्षी इंगोलस्टाटच्या विद्यापीठात जातो, हा तपशील आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. तो वेडा म्हातारा शास्त्रज्ञ नाही. घरापासून दूर राहिलेला, झोप आणि जेवण विसरून अभ्यास करणारा, वडिलांना पत्र लिहायला वेळ नसलेला हुशार विद्यार्थी आहे. त्याच्या गुरुजनांपैकी एक त्याला हिणवतो, दुसरा उत्तेजन देतो. पण तू काय करतो आहेस आणि कशासाठी, असे त्याला कुणीच विचारत नाही.

त्याचा अपराध नेमका कुठे घडतो? नोव्हेंबरच्या रात्री त्याने घडवलेला जीव डोळे उघडतो. त्या क्षणापर्यंत व्हिक्टरने काही तत्त्वे मोडली असतील, पण कुणाला इजा केलेली नाही. तो जीव कुरूप आहे एवढ्यावरून व्हिक्टर खोलीतून पळून जातो. अपराध इथे सुरू होतो. नावसुद्धा न मिळालेला तो जीव लपूनछपून भाषा शिकतो, माणसांची ओढ धरतो, सगळीकडून मार खातो आणि शेवटी मारेकरी होतो. त्याची मागणी साधी आहे : ज्याने मला जन्म दिला त्याने माझ्याशी काही नाते मानावे.

दुसरा अपराध मौनाचा आहे. व्हिक्टरच्या लहान भावाच्या खुनाचा आळ जस्टिन या घरच्या मोलकरणीवर येतो. खरा खुनी कोण याची व्हिक्टरला खात्री आहे, तरी तो न्यायालयात बोलत नाही. लोक आपल्याला वेडा म्हणतील, हे त्याचे कारण. जस्टिन फासावर जाते. वेताळाच्या कथेत जे नव्हते ते इथे आले : प्रयोग एकाचा, मरण दुसऱ्याचे. विज्ञानाच्या नैतिकतेची आधुनिक बाजू हीच. परिणाम भोगणाऱ्या माणसाला कुणी विचारलेले नसते.

कादंबरीचा आरंभ आणि शेवट उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टनच्या जहाजावर होतो. वॉल्टनलाही अज्ञात प्रदेशाची व्हिक्टरइतकीच ओढ आहे. पण बर्फात अडकलेले खलाशी परत फिरण्याची मागणी करतात तेव्हा तो ती मानतो. शेलीने ज्ञानाच्या ओढीला दोन शेवट दिले आहेत. एकाने कुणाचे ऐकले नाही आणि सर्वनाश झाला. दुसऱ्याने आपल्या धाडसात ज्यांचे जीव पणाला लागले होते त्यांचे ऐकले आणि माणसे वाचली. ही कादंबरी ज्ञानविरोधी असती, तर वॉल्टनची गरज नव्हती.

४. गुप्ततेचा दोष

शेलीने दाखवलेल्या दोषांत आणखी एक दोष मिसळलेला आहे, तो गुप्ततेचा. शतकाच्या अखेरीस आलेल्या तीन कादंबऱ्यांनी तो वेगळा काढून दाखवला.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ मधल्या कथेत डॉ. जेकिल औषध घेऊन हाईड होतो. त्याच्या प्रयोगाचा हेतूच जबाबदारीतून सुटण्याचा आहे : भोग एकाने घ्यावा आणि अब्रू दुसऱ्याची राहावी. शेवटी औषध लागू पडेनासे होते. मूळ क्षारात काही अज्ञात भेसळ होती आणि तीच गुणकारी होती, असा त्याचा तर्क असतो. एकट्याने, लपून, कुणाकडूनही तपासून न घेता केलेला प्रयोग त्याला स्वतःलाही पुन्हा करता येत नाही. गुप्तता इथे नीतीची तशीच शास्त्राचीही हानी करते.

एच. जी. वेल्सचा डॉ. मोरो (१८९६) जनावरांना कापून माणसे घडवू पाहतो. लंडनमध्ये त्याचे प्रकार उघडकीस येतात, तेव्हा तो दूरच्या बेटावर जातो. तो बेट निवडतो, कारण तिथे विचारणारे कुणी नाही. वेदनेला तो किंमत देत नाही आणि आपल्या कामाचा उपयोगही त्याला सांगता येत नाही.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. इथे विज्ञान खलनायकाच्या विरुद्ध उभे आहे. ड्रॅक्युलाची शिकार झालेल्या लूसीला वाचवण्यासाठी चार पुरुषांचे रक्त दिले जाते. रक्तगटांचा शोध लँडस्टायनरने १९०१ च्या सुमारास लावला. त्याआधीची ही कादंबरी, म्हणून गट जुळवण्याचा प्रश्न तिच्यात येत नाही. महत्त्वाचे पुढेच आहे. डॉ. व्हॅन हेल्सिंग लूसीच्या खोलीत लसणीची फुले ठेवतो, पण त्यामागचे कारण तिच्या आईला सांगत नाही. आई मायेपोटी ती फुले काढते, खिडकी उघडते आणि घात होतो. हेतू शुद्ध, ज्ञान बरोबर, तरी अनर्थ. उत्तरार्धात लूसीची मैत्रीण मीना सर्वांच्या रोजनिशा आणि नोंदी टंकलिखित करून एकत्र लावते, प्रत्येकाला सगळे वाचायला मिळते, आणि तेव्हाच शत्रू हाती लागतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा भाग वाचावा. रोग्याच्या माणसांना समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

५. मराठी कथेने काय केले

मराठीत भयकथेला लोकाश्रय मिळाला तो नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्यामुळे. धारपांच्या कथेत निषिद्ध साधना करणारा माणूस असतो आणि त्याने जागवलेल्या शक्तीला आवरणारे ‘समर्थ’ असतात. समर्थांजवळही शक्ती आहे, पण ती संयमाने धरलेली आहे. सामर्थ्याला अधिकार लागतो आणि अधिकार शिस्तीने मिळतो, हे आपल्या परंपरेतले तत्त्व धारपांनी जागते ठेवले. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. संकट निवारणारा बाहेरून येतो, तेव्हा ज्याने संकट आणले त्याची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. व्हिक्टरला असा कुणी समर्थ मिळत नाही, म्हणून त्याच्या अपराधाचे माप पुरे भरते.

विज्ञानकथेने ही उणीव भरून काढली. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती लागते आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो. तो स्वतःसारखे आणखी घडवू पाहतो, तेव्हा धोका ध्यानात येतो. त्याला रोखण्याचे काम ज्यांनी त्याला घडवले त्या शास्त्रज्ञांच्याच वर्तुळात राहते. पुरातन ज्ञान जमिनीतून वर येऊन वर्तमानाला धरते, ही रचना शुद्ध गॉथिक आहे. तिच्यातली जबाबदारीची कल्पना पूर्णपणे आधुनिक.

नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पुढचे, ९५ वे संमेलन एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला भरले आणि त्याचे अध्यक्षपद गूढाची आणि माणसाच्या मनातल्या अंधाराची कथा लिहिणाऱ्या भारत सासणे यांच्याकडे होते. विज्ञानकथा आणि गूढकथा या दोन्ही धारांना मराठीने ओळीने हा मान दिला. त्या एकत्र वाचण्याचे काम मात्र आपल्या समीक्षेत फार थोडे झाले आहे.

६. दोन खरी प्रकरणे

आतापर्यंतच्या विवेचनातून चार कसोट्या हाती येतात : हेतू कोणता होता, काम उघडपणे झाले का, जे घडले त्याला सांभाळले का, दुसऱ्यावर आच आली तेव्हा साक्ष दिली का. त्या खऱ्या आयुष्याला लावून पाहू.

पहिले प्रकरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या माळवदांनी. देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारी परिसराला धक्के बसले होते. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाचा भूकंपाशी संबंध आहे का, यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाला. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर असा प्रश्न उठणे साहजिकच होते.

इथे कुणी राक्षस घडवला नव्हता, आणि भूकंपाचे भाकीत करता येत नाही हेही खरे. तरी चौथी कसोटी लागू होते. ‘या भागातल्या मोठ्या भूकंपाची नोंद आमच्याजवळ नाही’ हे शास्त्राचे विधान लोकांपर्यंत ‘इथे भूकंप होत नाही’ असे होऊन पोचले. नकाशा काढणाऱ्याचे काम रेषा ओढून संपत नाही. त्या रेषेची मर्यादा माळवदाखाली झोपणाऱ्या शेतकऱ्याला कळेपर्यंत ते चालू राहते. नंतर सुधारणा झाली, हेही नोंदवायला हवे : गावे नव्याने वसवली गेली, भूकंपरोधक बांधकामाची पद्धत रुजवण्याचा प्रयत्न झाला आणि २००२ च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. आपली चूक पाहून नकाशा बदलणारे विज्ञान व्हिक्टरपेक्षा श्रेष्ठ ठरते.

आजही लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जमिनीतून ‘गूढ आवाज’ आल्याची बातमी येते. नांदेड शहराने २००७ पासून पुढची काही वर्षे बारीक धक्क्यांची मालिका अनुभवली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीतला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला. अशा वेळी लोक रात्र अंगणात काढतात आणि अफवा पसरतात. त्यांना हसू नये. जाणकार गप्प राहतात तिथे भयकथा आपोआप तयार होते.

दुसरे प्रकरण सोनोग्राफीचे. गर्भाची प्रकृती पाहण्यासाठी आलेले हे यंत्र असंख्य माता-बालकांचे प्राण वाचवते. त्याच यंत्राचा उपयोग मुलीचा गर्भ ओळखण्यासाठी झाला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर उतरली. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ती ८०७ होती.

वेताळाचा प्रश्न इथे जसाच्या तसा उभा राहतो. यंत्र बनवणारा म्हणतो, मी यंत्र बनवले. तपासणारा म्हणतो, मी फक्त पाहिले. मध्यस्थ म्हणतो, मी पत्ता दिला. घरचे म्हणतात, समाजच तसा आहे. प्रत्येकाने सिंहाचा एकेक भाग जोडला आणि प्राण मी घातले असे म्हणायला कुणी तयार नाही. त्रिविक्रमसेनाचा निकाल म्हणून इथे पुढे न्यावा लागतो. आकार दिसत असताना हात पुढे करणारा प्रत्येक जण चौथा भाऊ आहे, आणि विचारून कळले असते तिथे न विचारणे हाही दोषच आहे.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : संशोधकाला सगळे परिणाम आधी कसे दिसणार? दिसणार नाहीत, हे मान्य. म्हणून तर चार कसोट्यांपैकी एकही भविष्य ओळखण्याची मागणी करत नाही. व्हिक्टरला पुढचे खून दिसायला हवे होते, असे शेली म्हणत नाही. समोर डोळे उघडलेल्या जिवाकडे त्याने पाठ फिरवायला नको होती, एवढेच ती म्हणते. दूरदृष्टी सर्वांना नसते. समोर घडलेल्याला सामोरे जाणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.

दुसरा आक्षेप भयकथेवरच आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्रात, २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात, भयकथेला प्रतिष्ठा का द्यावी? तिच्यामुळे अंधश्रद्धा वाढणार नाही का? अंधश्रद्धा माणसाला कारण शोधू देत नाही. आपण पाहिलेल्या कथा उलट कारणाचाच शोध घेतात. अनर्थ कुठल्या कृतीतून, कुणाच्या मौनातून, कुठल्या हेतूतून आला हे त्या पायरीपायरीने दाखवतात. भय हे त्यांचे साधन आहे. अपराधाचे कार्यकारण हे त्यांचे साध्य आहे, आणि ते विवेकाच्याच बाजूचे आहे.

८. निष्कर्ष

विवेचनाचा निष्कर्ष असा. गॉथिक कथा विज्ञानाच्या महत्त्वाकांक्षेला गुन्हा मानत नाही. मिरवण्याची हौस, गुप्तता, निर्मितीचा त्याग आणि मौन या चार दोषांना ती गुन्हा मानते. चारही दोष माणसाच्या हातचे आहेत, म्हणून टाळता येण्यासारखे आहेत.

वैद्यकीय शिक्षणाने हे अंशतः ओळखले आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांना वेगळे स्थान मिळाले. पण ते शिक्षण प्रवेश मिळाल्यावर सुरू होते. महत्त्वाकांक्षा त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या वर्षी, घडत असते. लातूर पॅटर्नशी ज्याचे नाव जोडले गेले त्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी मराठी वाचकाला करून दिली आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. विज्ञानाच्या यशासाठी प्रसिद्ध झालेल्या या परंपरेच्या मुळाशी साहित्याचा शिक्षक उभा आहे, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

म्हणून नांदेड-लातूरच्या पालकांना, प्राचार्यांना आणि शिकवणी चालवणाऱ्यांना माझे आवाहन आहे. जीवशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांशेजारी चार भावांची कथा, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘वामन परत न आला’ ठेवा. आठवड्यातला एक तास त्यांवर बोलायला द्या. तू काय होणार हे आपण मुलांना रोज विचारतो. जे करशील त्याचे उत्तर कुणाला देशील, हेही त्यांना याच वयात विचारले पाहिजे.